टोन नक्की राहतो कुठं?

महागडा व्हॉल्व्ह ॲम्प घेतला की गिटारचा आवाज आपोआप ‘भारी’ होतो? ईएमआयचं बटण दाबण्याआधी नांदेड-लातूरची ही एक चक्कर माराच...

शनिवारची रात्र. नांदेडच्या श्रीनगरमधला भाड्याचा फ्लॅट. बेडवर लॅपटॉप, स्क्रीनवर काळा, सोनेरी पट्टीचा, आतून लालसर उजेड टाकणारा एक व्हॉल्व्ह ॲम्प. शॉपिंग कार्टमध्ये तो पंधरा दिवस पडून आहे. आणि स्क्रीनसमोर आमचा दोस्त. दिवसा बँकेत लोकांच्या कर्जाच्या फायली बघतो, रात्री स्वतःच्या कर्जाचा हिशेब मांडतो.

‘बारा हप्ते. बाहेरचं खाणं बंद केलं की जमतंय बे!’

कोपऱ्यात त्याचा जुना ॲम्प उभा होता. कॉलेजात असताना घेतलेला, दहा वॉटचा, शाळेच्या दप्तराएवढा. त्याने गेन फुल्ल केला आणि एक पॉवर कॉर्ड हाणली. आवाज आला तो पत्र्याच्या डब्यात अडकलेल्या गांधीलमाशीचा.

‘ऐकलास? पुण्यातल्या पोरांचा आवाज कसा अंगावर येतो! आपल्याकडं येतच नाही. गिटार तीच, गाणं तेच, कॉर्ड तीच. फरक फक्त ह्याचा आहे,’ असं म्हणून त्याने स्क्रीनवर बोट आपटलं.

मला ॲम्पची किंमत खटकली नाही. खटकलं ते ‘आपल्याकडं येतच नाही’. आणखी एक गोष्ट मला माहीत होती. गावाकडच्या घराचा स्लॅब पैशांअभावी अडकलाय, हे त्यानेच आठ दिवसांपूर्वी सांगितलं होतं.

‘उद्या सुट्टी आहे ना? हा डबा उचल. लातूरला जाऊ.’

‘कामून?’

‘एका मामाला ऐकवायचाय.’

एक ॲम्प, चार स्पीकर

लोहा, अहमदपूर, चाकूर करत दुपारपर्यंत लातूर. गंजगोलाईच्या मागच्या एका गल्लीत मामांचं गोडाऊन आहे. मामा म्हणजे मंडप आणि साउंड सिस्टीम भाड्याने देणारे गृहस्थ. आयुष्यभर ऑर्केस्ट्रा, लग्नाचे बँड, बँजो पार्टी, गॅदरिंग, सभा असं सगळं वाजवून झालंय. गिटार त्यांनी कधी हातात धरलेली नाही. पण आवाजाचं दुखणं नाडी बघितल्यासारखं ओळखतात.

त्यांनी ॲम्प उलटा केला, मागची पाटी उघडली. आत साडेसहा इंचाचा छोटा स्पीकर, दोन वायरींनी जोडलेला. ‘बाळ, ह्याचा गळाच एवढासा आहे. गायला कसा येणार?’

मग सुरू झाला खरा खेळ. मामांनी आधी प्रत्येक स्पीकरच्या मागचे ओहम वाचले, मगच वायरी जोडल्या. (ही सवय तुम्हीही लावून घ्या. ॲम्पवर लिहिलेल्यापेक्षा कमी ओहमचा स्पीकर जोडला, तर ट्रान्झिस्टर ॲम्प जळू शकतो.) ॲम्प तोच, गिटार तीच, बटणं आहेत तिथेच. बदलला फक्त स्पीकर.

पहिला, ॲम्पचा स्वतःचा. गांधीलमाशी.

दुसरा, मामांचा नवाकोरा बॉक्स. खाली पंधरा इंची, वर ट्विटर. आम्हाला वाटलं, आता फाडणार! झालं भलतंच. गांधीलमाशीचं अख्खं पोळं उठलं. कान किटले.

तिसरा, कोपऱ्यात धूळ खात पडलेला बारा इंची बॉक्स. ऑर्केस्ट्रावाले कीबोर्डला वापरायचे. ह्याचा ट्विटर कधीच गेलाय, असं मामा आधीच सांगून मोकळे झाले होते. दोस्ताने तीच कॉर्ड मारली आणि... आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. जाड, उबदार, छातीवर हात ठेवल्यासारखा आवाज. रेकॉर्डवर ऐकतो, तोच!

चौथा, सभेला लावतात तो पत्र्याचा कर्णा. कॉर्डचा सगळा खालचा भाग गायब, नाकातून गाणारा, टोकदार आवाज. ‘ही तर वरात आली की,’ दोस्त हसत म्हणाला.

चार वेगळे ॲम्प वाटावेत इतका फरक. खर्च शून्य.

बिघडलेल्या ट्विटरचं गुपित

हे झालं कसं? उत्तर तसं साधं आहे. आपला कान तरुण वयात साधारण २० हर्ट्झपासून २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो. घरच्या म्युझिक सिस्टीमला शक्यतो हे सगळं जसंच्या तसं ऐकवायचं असतं. गिटारच्या स्पीकरला असली हौस नाही. तो साधारण पाच हजार हर्ट्झच्या पुढचं जवळजवळ सगळं गिळून टाकतो. दोन ते चार हजारांच्या पट्ट्यात मात्र थोडा जास्तच ओरडतो. त्याला ट्विटर नसतोच.

आता डिस्टॉर्शन म्हणजे काय ते बघा. गिटारचा सिग्नल इतका फुगवायचा, की त्याची टोकं छाटली जातात. टोकं छाटली की मूळ सुरात नसलेले वरचे सूर जन्माला येतात, थेट कानाच्या टोकापर्यंत. ते सगळे ऐकू आले तर गांधीलमाशी. वरचे कापले गेले तर ‘टोन’! म्हणजे मामांच्या बॉक्सचा ट्विटर जाणं हे आमच्यासाठी वरदान ठरलं. आणि छोट्या स्पीकरचं दुखणं दुहेरी. इवल्याशा डब्यामुळे खालचा भरणा नाही, त्यामुळे वरची किरकिर तेवढी उरते.

स्पीकर कागदाचा असतो, हेही विसरू नका. १९६४ मध्ये लंडनच्या ‘द किंक्स’ बँडचा गिटारिस्ट डेव्ह डेव्हिस स्वतःच्या छोट्या ॲम्पच्या आवाजाला इतका वैतागला, की त्याने दाढीच्या ब्लेडने स्पीकरचा कागदच फाडला. त्या फाटक्या, गुरगुरणाऱ्या आवाजात रेकॉर्ड झालेलं ‘यू रिअली गॉट मी’ इंग्लंडमध्ये नंबर एकवर गेलं. त्याने महाग ॲम्प घेतला नव्हता. एका ब्लेडचं काम!

फेंडरचा मार्शल कसा झाला?

‘पण मग लोक मार्शल-मार्शल का करतात?’ दोस्ताचा प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तरही ह्याच गोष्टीत आहे.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला पश्चिम लंडनच्या हॅनवेलमध्ये जिम मार्शल नावाच्या ड्रमरचं वाद्यांचं दुकान होतं. गिऱ्हाइकांना अमेरिकन फेंडर ॲम्प हवे असायचे, पण ते आणायचे म्हणजे महागात पडायचे. मग मार्शल, त्यांचा रिपेअरवाला केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन नावाचा तरुण पोरगा, अशा तिघांनी फेंडरचा ‘बासमन’ समोर ठेवून तसाच ॲम्प बांधला. हाच ‘जेटीएम ४५’. सर्किट जवळपास जसंच्या तसं. कॉपीच म्हणा ना.

पण आवाज? साफ वेगळा. कारण सगळे पार्ट इंग्लंडमध्ये जे मिळत होते, ते घातले. पहिला व्हॉल्व्ह जास्त गेनचा होता, त्यामुळे आवाज लवकर फाटायला लागला. आणि सर्वांत मोठा बदल म्हणजे स्पीकर. फेंडर बासमनमध्ये मागून उघड्या खोक्यात दहा इंची चार जेन्सन स्पीकर असायचे. मार्शलने मागून बंद खोक्यात बारा इंची चार सेलेशन बसवले. खोकं बंद झालं तसा खालचा आवाज घट्ट झाला, सेलेशनचा मधला पट्टा पुढे आला आणि रॉकचा आवाज जन्माला आला.

बघा ना, ‘आपल्याकडं ते मिळत नाही’ ह्या अडचणीतूनच जगातला सर्वांत प्रसिद्ध टोन तयार झालाय. आपल्याकडं जे मिळतंय, त्यातून!

पाचगणीच्या शाळकऱ्याचा बँड आणि कचऱ्यातला ॲम्प

अजून एक किस्सा, आणि ह्याचा धागा थेट आपल्या महाराष्ट्राला जोडलेला आहे. ‘क्वीन’चा फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. ‘द हेक्टिक्स’ हा त्याचा पहिला बँड तिथलाच. पुढे लंडनमध्ये ‘क्वीन’ जमली. बँडचा बेसिस्ट जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याला रस्त्याकडेच्या कचऱ्याच्या कंटेनरमध्ये एक सर्किट बोर्ड सापडला. त्याने तो घरी आणला, पुस्तकांच्या कपाटात ठेवतात तसल्या छोट्या स्पीकरच्या खोक्यात बसवला आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीला जोडला.

ना व्हॉल्व्ह, ना व्हॉल्यूमचं बटण, ना टोनचं. गिटारिस्ट ब्रायन मे त्या डब्याच्या प्रेमात पडला. ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ (१९७५) ह्या अल्बमवरच्या ‘गुड कंपनी’ गाण्यात जुन्या जॅझ बँडची वाद्यं वाजतायत असं वाटतं ना? ती सगळी ब्रायनची गिटार आहे, आणि त्यामागे हाच कचऱ्यातला डबा. लोक त्याला आजही ‘डीकी ॲम्प’ म्हणून ओळखतात.

म्हणजे मोठ्ठ्या स्टेडियममध्ये ब्रायनच्या मागे व्हॉल्व्ह ॲम्पची भिंत असायची, हे खरंच. पण स्टुडिओत त्याला हवा असलेला एक रंग बॅटरीवरच्या ट्रान्झिस्टरनेच दिला.

मग व्हॉल्व्ह खोटा का?

अजिबात नाही. व्हॉल्व्ह सिग्नल छाटताना टोकं थोडी गोल करतो. जोरात वाजवला की त्याचा पॉवर सेक्शन दबतो आणि सावरतो. ते बोटांना जाणवतं, आणि वाजवणाऱ्याला त्याची चटक लागते. शिवाय व्हॉल्व्ह ॲम्प आणि स्पीकर एकमेकांशी जास्त ‘बोलतात’, त्यामुळे त्याच स्पीकरचा स्वभाव आणखी उठून दिसतो.

पण मुद्दा हा, की ही मजा यायला ॲम्प बऱ्यापैकी मोठ्याने वाजवावा लागतो. श्रीनगरच्या फ्लॅटमध्ये, खाली घरमालक, वर बारावीचा पोरगा. तिथे पन्नास वॉटचा व्हॉल्व्ह ॲम्प पहिल्या आकड्यावरच ठेवावा लागणार. तेव्हा त्याचा पॉवर सेक्शन चक्क झोपा काढत असतो! पैसे ज्याचे मोजले, तेच मिळत नाही.

मधल्या बटणांचं काय? ती मात्र खरी कामाची, आणि आपण सर्वांत कमी अभ्यास करतो तो त्यांचाच. ट्रेबल, मिडल, बास ही तीन बटणं प्रत्येक कंपनीत वेगळ्या पट्ट्यावर काम करतात. जुन्या फेंडरच्या सर्किटमध्ये मधला पट्टा साधारण चारशे हर्ट्झच्या आसपास खोल जातो. मार्शलमध्ये तो खड्डा वरच्या बाजूला सरकतो आणि उथळ होतो. म्हणून दोन्हींवर सगळी बटणं ‘पाच’वर ठेवली तरी आवाज सारखा येत नाही. ‘त्याने पाचवर ठेवलंय, मीही ठेवतो’ हा फंडा इथे चालत नाही, बॉस! आकडे कॉपी करू नका, कानाने फिरवा.

आणि वॉट? वॉट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट वाटत नाही. कानाला आवाज साधारण दुप्पट वाटायला वॉट दहापट लागतात. त्याउलट, स्पीकरच्या कागदपत्रावर लिहिलेला ‘डीबी’चा आकडा ९७ ऐवजी १०० असेल, तर तेवढ्याच वॉटमध्ये ॲम्प दुप्पट वॉटचा असल्यासारखा वाजतो. हा आकडा दुकानात कुणी सांगत नाही. विचारावा लागतो.

बँजोवाल्यांना हे कधीचंच ठाऊक

चहा आला. मामांनी कर्ण्यावर हात ठेवला. ‘तुम्ही ह्याला हसलात. पण बँजोवाल्याला विचारा, तो हाच मागतो.’

आपल्या वरातीतला ‘बँजो’ म्हणजे अमेरिकन बँजो नव्हे. ते मूळचं जपानी वाद्य आहे, ‘ताइशोगोतो’. १९१२ मध्ये नागोयाच्या गोरो मोरिता यांनी टाइपरायटरसारखी बटणं तारांवर बसवून ते बनवलं. भारतात आलं, ‘बुलबुल तरंग’ झालं. मग आपल्या पोरांनी त्याला पिकअप बसवून ॲम्पला जोडलं आणि ते गल्लीत उतरलं. २०१६ मध्ये रवी जाधवांनी ह्याच पोरांवर ‘बँजो’ सिनेमा काढला. हिरो कोण? लातूरचा रितेश देशमुख!

आता बघा. इलेक्ट्रिक गिटारसारख्याच पोलादी तारा, तसाच पिकअप, तसाच ॲम्प. पण बँजोवाल्याला जॅझ क्लब नको असतो. त्याच्या शेजारी हलगी कडाडतेय, ताशा वाजतोय, समोर नवरदेवाचे मित्र नाचतायत. ह्या सगळ्यातून चाल शेवटच्या माणसापर्यंत पोहोचली पाहिजे. कर्णा खालचा आणि अगदी वरचा आवाज सोडून देतो आणि सगळी ताकद मधल्या पट्ट्यात लावतो. आपला कानही तिथेच, साधारण तीन-चार हजार हर्ट्झच्या आसपास, सर्वांत तल्लख असतो. म्हणून वरात दोन गल्ल्या पलीकडे असली, तरी गाणं कोणतं ते घरात बसून कळतं.

त्या आवाजाला आपण ‘गावठी’ म्हणून मोकळे होतो. खरं तर तो विचारपूर्वक निवडलेला टोन आहे. जागा कोणती, बरोबर वाजतंय काय, ऐकणारा किती लांब, हे बघून निवडलेला. लंडनमध्ये हेच केलं की त्याला ‘सिग्नेचर साउंड’ म्हणतात!

खोलीही वाजते बरं का

लातूरहून निघताना मामांनी आमच्याकडून आणखी एक प्रयोग करून घेतला. गोडाऊनमागे त्यांचं जुनं माळवदाचं घर आहे. जाड मातीच्या भिंती, लाकडी तुळया, वर मातीचं छत. तिथे तोच बारा इंची बॉक्स लावला. आवाज जवळ आला, सुटा झाला, कॉर्डमधली प्रत्येक तार वेगळी ऐकू आली. मग शेजारच्या नव्या स्लॅबच्या खोलीत. गुळगुळीत प्लास्टर, गुळगुळीत फरशी, सामान काहीच नाही. सगळं घुमायला लागलं आणि खालचे सूर एकमेकांत मिसळून चिखल झाला.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाने ह्या भागातली दगड-मातीची, जड छताची हजारो घरं क्षणात बसली. त्यानंतर लोकांचा माळवदावरचा विश्वास उडाला आणि स्लॅब आले. त्यात चूक काहीच नाही, जिवापुढे आवाज कुठला? पण स्लॅबच्या खोलीत राहणाऱ्या गिटारवाल्याने एवढं लक्षात ठेवावं, की भिंतीवर सतरंजी, खाली गालिचा आणि कोपऱ्यापासून दोन फूट पुढे ओढलेला ॲम्प, हा फुकटातला अपग्रेड आहे.

दुसरी गंमत कानाची. कमी आवाजात आपल्याला बास आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन ह्या दोन शास्त्रज्ञांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं. म्हणून रात्री हळू आवाजात आपण बास-ट्रेबल वाढवून, मिडल काढून ‘मस्त’ टोन लावतो. तोच टोन गॅदरिंगच्या स्टेजवर मोठ्याने वाजवला की ड्रमच्या मागे गडप! बेडरूमचं सेटिंग बेडरूममध्येच ठेवा.

आणि तिसरी, ॲम्प ठेवायची जागा. स्पीकरचे वरचे सूर टॉर्चसारखे सरळ समोर जातात. ॲम्प जमिनीवर, तुम्ही उभे. म्हणजे खरा आवाज तुमच्या घोट्यांना ऐकू येतोय! तुम्ही ट्रेबल वाढवता आणि पहिल्या रांगेतले प्रेक्षक कानात बोटं घालतात. ॲम्प खुर्चीवर ठेवा, नाहीतर मागे कलता करा. बस्स.

व्होल्टेजचा फंडा

परतीच्या वाटेवर दोस्ताने शेवटचा बॉम्ब टाकला. ‘पण आपल्याकडची लाइटच अशी आहे ना...’

हो, हे मात्र खरं. दोन हजारच्या दशकातलं लोडशेडिंग मराठवाड्यात कुणीच विसरलेलं नाही. लाइट असायची तेव्हाही बल्ब पिवळा पडायचा. आता गंमत ऐका. अमेरिकेचा एडी व्हॅन हेलन, ज्याच्या १९७८ च्या पहिल्या अल्बमने गिटार वाजवण्याची पद्धतच बदलली, तो मार्शलला मिळणारं व्होल्टेज मुद्दाम कमी करायचा. त्यासाठी त्याने ‘व्हेरिअ‍ॅक’ नावाचं यंत्र घेतलं होतं. तेच व्होल्टेज आपल्याला वीज कंपनी बिनपैशांत देत होती! (स्वतः हा प्रयोग करू नका. व्होल्टेज खाली गेलं तर नुकसान होऊ शकतं, आणि चुकून वर गेलं तर ॲम्प थेट रिपेअरला.) महाग व्हॉल्व्ह ॲम्प घेणार असाल, तर चांगल्या स्टॅबिलायझरचे पैसे आधी बाजूला काढा. तेही बिलात धरा.

खरा त्रास व्होल्टेजपेक्षा अर्थिंगचा. ‘हूंऽऽ’ अशी सतत येणारी घरघर म्हणजे आपल्या ५० हर्ट्झच्या लाइटचाच सूर. गिटारच्या तारांना हात लावला की ती कमी होते का? म्हणजे वायरिंगकडे बघायला हवं. अर्थिंगचा खड्डा ओला असावा लागतो. उन्हाळ्यात आपली काळी माती भेगाळते, कोरडी पडते आणि अर्थिंग कमजोर होतं. आता ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे खड्ड्यात पाणी ओता म्हणून कुणाला सांगायचं? पण चांगला वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घेणं हे नव्या पेडलपेक्षा जास्त गरजेचं आहे. आणि घरघर जावी म्हणून प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकायचा जुगाड कुणी सुचवला तर हात जोडा. तुमच्या हातात लोखंडी तारा आहेत, ओठांजवळ माइक आहे. ती पिन तुमचा जीव वाचवते.

खिशात हात घालण्याआधी...

* आहे तो ॲम्प आधी मोठ्या स्पीकरवर ऐका. ऑर्केस्ट्रावाल्या मित्राकडे, साउंडवाल्याकडे, कुठेही. ओहम जुळवून!
* बजेटचा मोठा वाटा स्पीकर आणि बॉक्सला. बारा इंची गिटार स्पीकर आणि चांगल्या प्लायचा बॉक्स सुताराकडून करून घेता येतो.
* बॉक्स मागून उघडा ठेवला तर आवाज मोकळा, खोलीभर. बंद केला तर घट्ट, समोर फेकणारा. आधी ठरवा, मग खिळे मारा.
* फ्लॅटमध्ये राहताय? पाच-दहा वॉट पुष्कळ झाले.
* हेडफोनवर किंवा मोबाइल ॲपवर वाजवत असाल, तर ॲम्पचं मॉडेल बदलत बसण्याआधी ‘कॅबिनेट’ बदलून बघा. ‘आयआर’ नावाची ती छोटीशी फाइल म्हणजे स्पीकर, खोका आणि माइक यांचा ठसा असतो. सगळ्यात जास्त फरक तिथेच पडतो.
* रेकॉर्ड करताना माइक स्पीकरच्या मधोमध धरला तर आवाज चरचरीत, कडेला नेला तर गोल. एक इंच सरकवा, मग बटणाला हात लावा.
* दुकानात ऐकताना दोन्ही ॲम्प सारख्याच आवाजावर ठेवा. जो जास्त मोठ्याने वाजतो, तो कानाला नेहमीच जास्त चांगला वाटतो. विकणाऱ्याला हे माहीत असतं!
* बदलीची नोकरी असेल, तर ॲम्प उचलून बघा. तिसऱ्या मजल्यावर तो तुम्हालाच चढवायचाय.

घर बदललं

सोमवारी रात्री दोस्ताने कार्ट रिकामी केली. मी काही बोललो नाही, त्यानेही नाही. स्लॅबचे पैसे गावाकडे गेले, एवढं मात्र त्याने जाता जाता सांगितलं.

पुढच्या महिन्यात त्याने एक बारा इंची गिटार स्पीकर मागवला. नांदेडच्याच एका सुताराने बॉक्स करून दिला. पहिल्यांदा गिटारचा खोका म्हटल्यावर सुताराला वाटलं, गिटार ठेवायची पेटी हवीये! जुना दहा वॉटचा ॲम्प त्यावर ठेवला, वायर जोडली, गॅलरीचं दार लावलं आणि तीच कॉर्ड मारली. गांधीलमाशी नव्हती. आवाज सरळ अंगावर आला. पुण्यातून नाही, स्क्रीनवरून नाही, दोन हातांवरच्या खोक्यातून.

पाच मिनिटांत बेल वाजली. दारात वरचे काका.

‘कामून रे बाबा, आवाज लई भारी यायलाय आज. नवीन मशीन घेतलास काय?’

‘नाही काका, जुनंच आहे,’ दोस्त म्हणाला. ‘फक्त घर बदललंय त्याचं.’